फुलदाणीतला पळस

चंद्रपूर मला आवडलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण इथे सगळं आयुष्य काढल्यावर लोक गृहीत धरतात की मी या गावावर भाळलेच असणार. परवा वाचनालयाच्या कार्यक्रमात एका बाईंनी माझी ओळख करून देताना ‘पुण्याहून आल्या आणि चंद्रपूरच्या होऊन गेल्या’ असं गोड आवाजात म्हटलं, तेव्हा मी स्टेजवर बसल्या बसल्या दात आवळले. होऊन कसली जातेय? भांडत भांडत राहिले. या गावाने मला बोचकारलं, मी त्याला बोचकारलं, आणि त्यात इतकी वर्षं गेली की आता पुण्यात मला कोणी ओळखत नाही. याला कोणाला प्रेम म्हणायचं असेल तर खुशाल म्हणू दे. मी त्या पहिल्या उन्हाळ्यापासून पोळ्यापर्यंतचं सांगते.

मे महिन्यात चंद्रपूरला यायचं तर माणसाचं डोकं फिरलेलं असावं लागतं, नाहीतर बँकेत प्रमोशन मिळालेलं असावं लागतं. आईला प्रमोशन मिळालं होतं. ती बँकेत क्लार्क होती, ऑफिसरची परीक्षा दिली, पास झाली, आणि तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे पेढ्याबरोबर लांबच्या बदलीचा खडाही दाताखाली आला. नको म्हटलं असतं तर क्लार्क म्हणून पुण्यात राहता आलं असतं. आई नको म्हणाली नाही. बाबांची नोकरी पुण्यातली, ते तिथेच राहणार होते. मी अकरावीत जाणार होते, म्हणून मी आईबरोबर. मी जेवण टाकलं, रडले, मैत्रिणींच्या गळ्यात पडून पुन्हा रडले. शेवटी आईने माझ्याशी सौदा केला. “दिवाळीपर्यंत राहून बघ. तोवर तुला नाहीच जमलं, तर मी साहेबांना सांगून प्रमोशन सोडते आणि आपण परत येऊ.” आईचा शब्द म्हणजे शब्द, हे मला ठाऊक होतं. त्यामुळे चंद्रपूरला मी आले तीच मुळी न जमवून घ्यायला आले. दिवाळीपर्यंत कळ काढायची आणि मग सांगायचं, नाही जमलं, चल.

बाबा स्टेशनवर पोचवायला आले होते. सामान चढवून झाल्यावर ते खिडकीशी उभे राहिले आणि मला म्हणाले, “आईला सांग, कुठेही जा, पळसाला पानं तीनच.” आई माझ्या शेजारीच बसली होती. मी वळून तिला सांगितलं, “बाबा म्हणतायत, पळसाला पानं तीनच.” आई म्हणाली, “बरं म्हणावं.” आमच्याकडे असंच बोलायची पद्धत होती आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आमचं पुण्याचं घर फार शांत. शेजारी भांडी आपटायची, आरडाओरडा व्हायचा, आमच्याकडे मात्र भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. बाबा पेपर वाचत, आई चहाचा कप त्यांच्या पुढ्यात ठेवत असे आणि कप ठेवल्याचाही आवाज होत नसे. मैत्रिणी म्हणायच्या, तुमच्या घरी किती छान वाटतं गं. मला त्या शांततेचा तोरा होता. चंद्रपूरला मी सर्वांत जास्त झुरले ती तिच्याचसाठी.

कारण या प्रदेशात शांतता नावाची वस्तू मिळत नाही, याची चुणूक गाडीतच मिळाली. वरोऱ्याला एक बाई डब्यात चढल्या, मला ढोपराने सरकवून बसल्या, आणि पाणी पिऊन होताच सुरू झाल्या. कोन गावचे? चांद्याले, म्हणजे चंद्रपूरला, काऊन चालले? बँकेत? मंग पगार बरा भेटत असंन? किती भेटते? अन् मिस्टर कुठी हाय? मी आईकडे पाहिलं, की ही आता या बाईला तिची जागा दाखवेल. आई चक्क उत्तरं देत होती. पगाराचा आकडासुद्धा सांगितला! मी खिडकीकडे तोंड केलं तर उन्हाचा असा चटका बसला की पुन्हा त्याच बाईंकडे वळावं लागलं.

आम्हाला घर मिळालं ते जुन्या शहरात, गोंडराजांनी बांधलेल्या परकोटाच्या आत, पठाणपुरा दरवाज्याकडे जाणाऱ्या एका गल्लीत. पुढच्या दोन खोल्या आमच्या, मागचं घर मालकिणीचं. मालकीण गिरजाबाई. नवरा वारलेला, माहेर नागभीडकडचं, तिकडून धानाची पोती यायची आणि त्यावर घर चालायचं. अंगाने थोराड, कुंकवाच्या जागी गोंदण, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला त्या घरात बसून हाक मारत. त्यांची मुलगी रंजू माझ्याच वयाची, माझ्याच कॉलेजात. आई म्हणाली, बघ, मैत्रीणही तयारच आहे. तयार! पहिल्या दिवशी मी गिरजाबाईंना “काकू” म्हणाले तर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. “काकू-बिकू नको म्हनू व. मी तुह्या बापाची भावजय हाय का? बाई म्हन.” रंजू फिदीफिदी हसली. तेव्हापासून मला त्या दोघी जणू एकाच बाटलीतल्या औषधाचे दोन डोस वाटत.

गिरजाबाई दार वाजवत नसत. दार हे त्यांच्या मते कुत्री-गुरं आत येऊ नयेत म्हणून असतं. त्या सरळ आत येत, सरळ स्वयंपाकघरात जात, ओट्यावरच्या पातेल्याचं झाकण उचलत आणि म्हणत, “काय केलं जी आज?” मग बोट बुडवून चाखत. पहिल्यांदा त्यांनी आईच्या आमटीची चव घेतली तेव्हा त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. “म्याडम, हे वरन हाय का शिरा?” दुसऱ्या दिवशी कॉलेजात रंजूने ही बातमी वाटली आणि माझं नाव पडलं साखरबाई. आईचं मोठी साखरबाई. मास्तर हजेरी घेत तेव्हासुद्धा मागून कोणीतरी “आहे ना गं” असं माझ्या बोलण्याची नक्कल करून नाकातून म्हणायचं. मी एकदा वैतागून रंजूला म्हणाले, तुम्हाला मराठी तरी धड येते का? ती म्हणाली, “आमाले येते तेवढी पुरते. तुले येते तर तू कोनाशी बोलून राह्यली?” मी तिच्याशी बोलणंच टाकलं. न बोलण्याचं शिक्षण माझं चांगलं झालेलं होतं.

झाकणाचा प्रकार बंद व्हावा म्हणून मी दिवसा आतून कडी लावू लागले. झालं, दुप्पट धिंगाणा. गिरजाबाईंनी कडी वाजवून वाजवून दार खिळखिळं केलं. “दिवसाढवळ्या कडी काऊन लावता जी? घरात मुडदा हाय का?” मी दार उघडून म्हणाले, “आमच्याकडे कोणाच्या घरी जायचं तर आधी विचारतात.” त्या म्हणाल्या, “अन् नाई म्हनलं तं?” मी म्हणाले, “तर जात नाहीत.” त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. “मंग कोनी मेलं तं कसं समजते वो तुमच्याकडं? वासानं?” असं म्हणून माझ्या खांद्याला धक्का देत आत गेल्या आणि झाकण उचललं.

बाकी सगळंही शत्रूच. दोरीवर वाळत घातलेला पांढरा कुर्ता संध्याकाळी उचलावा तर त्यावर कोळशाची बारीक काजळी. कूलरचा घरघराट, त्यातून येणारा वाळ्याचा ओला वास, रात्री गच्चीवर झोपलेल्या गल्लीचा खोकला. पोहे खावेत तर त्यावर तर्री म्हणून लाल तेल ओतलेलं, जीभ पोळून निघे. पण सर्वांत जास्त छळलं ते एका प्रश्नाने. किराणावाला, दळण दळणारी, कोपऱ्यावरचा सायकलवाला, सगळे तोच एक प्रश्न विचारत. तुहे बाबा काऊन नाई आले? मी सांगायची, त्यांना रजा नाही. आषाढ गेला, श्रावण आला, रजा काही मिळेना. गल्लीने तोपर्यंत निकाल लावून टाकला होता. एकदा नळावर एक बाई दुसरीला म्हणत होती, “टाकली असंन म्याडमले.” माझ्या हातातली कळशी मी तिच्या पायाशी आपटली. पाणी तिच्या लुगड्यावर उडालं आणि गल्लीत माझ्या नावाने चार दिवस शंख झाला.

आई मात्र म्हणायची, “माणसं मनाने वाईट नाहीत गं.” तिची ही टेप रोज लागायची. ती बँकेतून घामाघूम होऊन यायची, गिरजाबाईंच्या ओट्यावर बसायची, त्यांच्या पानाच्या डब्यातली सुपारी तोंडात टाकायची आणि हसायची. मोठ्याने. पुण्यात मी आईला तसं हसताना ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते हसणं मला गावंढळ वाटायचं. मी दिवाळीकडे डोळे लावून बसले होते. मी रविवारी एसटीडी बूथवर जाऊन बाबांना सांगायची, थोडेच दिवस राहिलेत. बाबा म्हणायचे, “बरं. आईला सांग, विम्याचा हप्ता मी भरला.” आई बूथवर येत नसे. तिला रविवारी धुणं असे.

आणि पोळा आला. गल्लीतल्या दोन-तीन घरांचे बैल बाहेरच्या शेतांवरून आणलेले, शिंगांना रंग, घराघरात पुरण. दुपारी मी कॉलेजातून आले तर आमच्या दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या हिरव्यागार डहाळ्या टेकवून ठेवलेल्या. पावसाने धुतलेली मोठमोठी पानं, तीन-तीनच्या जुडीत. गल्लीतल्या सगळ्याच दारांशी होत्या, पण ते मी नीट पाहिलं नाही. आई बँकेतून आली आणि दाराशी थबकलीच. तिचा चेहरा असा उजळला की मला आजही तो तसाच्या तसा दिसतो. “अगं, कोणीतरी आपल्यासाठी आणून ठेवल्यात! सणाच्या! बघ, मी म्हणत नव्हते?” तिने त्या डहाळ्या आत आणल्या, पुण्याहून आणलेल्या पितळी फुलदाणीत पाणी घालून त्यात खोचल्या आणि फुलदाणी देवघराशेजारी ठेवली. उदबत्ती लावली. दोन पावलं मागे जाऊन मान कलती करून पाहिलं. मला म्हणाली, “किती शोभा आली ना गं घराला?” तिला इतकं साधं काही मिळाल्याचा आनंद व्हावा याचाच मला राग आला.

ज्यांना इकडची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या डहाळीला इथे मेढा म्हणतात. पोळ्याच्या दिवशी तो दारात ठेवतात तो शोभेसाठी नव्हे. घरातली, दारातली सगळी पीडा, रोगराई, भांडणं, ढेकूण, डास रात्रभर त्या मेढ्याने ओढून घ्यायची असतात. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना गल्लीच्या गल्ली ओरडत निघते, दारादारातले मेढे गोळा करते आणि वेशीबाहेर फेकून देते. सगळी घाण मारबत नावाची बया घेऊन जाते. म्हणजे गल्लीने जी वस्तू घाण शोषायला दाराबाहेर ठेवली होती, ती आईने पाणी घालून देवाशेजारी बसवली होती. आणि वर उदबत्ती!

पहाटे आम्ही दचकून उठलो ते आरोळ्यांनी. बाहेर ताशा, डबे बडवल्याचा आवाज, आणि एक बाई काहीतरी म्हणायची आणि सगळे ओरडायचे, “घेऊन जा गे मारबत!” मग आमचं दार बडवायला लागले. आईने कडी काढली. गिरजाबाई पुढे, रंजू मागे, त्यांच्या मागे आख्खी गल्ली, बाया, गडी, पोरं, प्रत्येकाच्या हातात डहाळ्या. गिरजाबाईंनी दाराच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. “मेढा कुठी हाय तुमचा?” आईला वाटलं असावं, सणाची विचारपूस करायला आलेत. ती प्रसन्न हसून म्हणाली, “आहे ना, या, आत या,” आणि हाताने देवघराकडे दाखवलं.

गिरजाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. “आगो माय! घरात घेतला व हिनं! पानी पाजलं त्याले!” मग काय विचारता, सगळे एकदम बोलू लागले. कोणी म्हणे बाईले येड लागलं, कोणी म्हणे आता अख्ख्या गल्लीले भोगा लागंन. आई एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी हात वर करून ओरडलं, “पुन्याच्या साखरबाईले—” आणि सगळ्यांनी डबे बडवत सूर धरला, “घेऊन जा गे मारबत!” पोरं तर नाचली. मी आईकडे पाहिलं. तिचं हसू अजून चेहऱ्यावरच होतं, काढून ठेवायचं राहून गेल्यासारखं. मग ती खुर्चीवर बसली आणि हळू आवाजात मला म्हणाली, “तुझंच बरोबर होतं. आज साहेबांना सांगते. जाऊ आपण परत.”

मी जिंकले होते. दिवाळीची वाटही पाहावी लागली नव्हती. पण आईला त्यांनी असं केलं होतं, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. गिरजाबाई अजून दारातच होत्या. “त्याले आमी हात लावनार नाई,” त्या म्हणाल्या. “ज्याच्या घरात गेला त्याच्याच मानसानं वेशीपार नेला पायजे. चाल व पोट्टे, उचल.” मी फुलदाणीतून डहाळ्या ओढल्या, पाणी देवघरावर सांडलं, आणि तशीच रात्रीच्या कपड्यांत, पायांत चपला न घालता गल्लीत उतरले. लोक दोन्ही बाजूंना सरकले. डहाळ्यांचं पाणी माझ्या कोपरांवरून गळत होतं. पुढे कोणीतरी नेहमीची यादी म्हणत होतं, ढेकूण, मोंगसे, खासी, खोकला. मोंगसे म्हणजे डास. कशाने झालं कोण जाणे, माझा आवाज फुटला. मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते, आमच्या घरात ती सोयच नव्हती.

“झाकणं उघडून बघणाऱ्यांना—” मी किंचाळले.

“घेऊन जा गे मारबत!” आख्खी गल्ली म्हणाली. मला वाटलं होतं मला मारतील. त्यांनी डबे बडवले! मला तेव्हा माहीत नव्हतं की त्या सकाळी कोणीही कोणाचंही नाव घ्यावं, कोणी राग धरायचा नाही असा दंडक आहे. नगरपालिकेपासून सासूपर्यंत सगळ्यांना मारबतीबरोबर धाडतात. मला एवढंच दिसलं की मी ओरडले की हे ओरडतात.

“पगार विचारणाऱ्यांना—”

“घेऊन जा गे मारबत!”

तेवढ्यात मागून गिरजाबाईंचा आवाज आला, तोफेसारखा. “दिवसा कडी लावनाऱ्याईले—” आणि तीच गल्ली, त्याच उत्साहाने, “घेऊन जा गे मारबत!” म्हणजे यांना कोणाचंच काही नव्हतं, नुसतं ओरडायचं होतं. मी मागे वळून ओरडले, “कोणी शिंकलं तरी गावभर सांगणाऱ्यांना!” त्या म्हणाल्या, “वरनात साखर टाकनाऱ्याईले!” मी म्हणाले, “बोटं बुडवणाऱ्यांना!” त्या म्हणाल्या, “नाकानं कांदे सोलनाऱ्याईले!” असं आम्ही दोघी परकोटाच्या दरवाज्याच्या रोखाने भांडत चाललो होतो. माझा घसा फाटला होता, पायात खडे रुतत होते, आणि लाज वाटते सांगायला, पण मला फार बरं वाटत होतं. दरवाजा समोर दिसू लागला. मी पुढचं काय म्हणावं ते शोधत होते. गिरजाबाईंनी मला शोधू दिलं नाही.

“बायकोले अन् लेकीले धाडून देऊन,” त्या ओरडल्या, आणि दम घेऊन पुन्हा ओरडल्या, “मागं बसून राहनाऱ्याले—”

“घेऊन जा गे मारबत!”

तो आवाज त्या सकाळचा सर्वांत मोठा आवाज होता. साखरबाईच्या नावालाही ते इतके जोराने ओरडले नव्हते. नळावरची ती लुगडं भिजलेली बाई सगळ्यांत पुढे होती आणि तिच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. म्हणजे सगळी गल्ली आमच्या बाजूने ओरडत होती, आणि मला या लोकांचा इतका संताप कधी आला नव्हता. माझ्या बाबांना! यांनी पाहिलंय तरी का त्यांना? त्यांनी कधी आवाज चढवला नाही, आईवर हात उगारला नाही, विम्याचे हप्ते वेळेवर भरले. मी हे सगळं तोंड उघडून सांगणारच होते. पण तोंडात वाक्य आलं ते भलतंच. आईला सांग. आईला सांग. माझ्या आठवणीत बाबांचं आईला उद्देशून सरळ एकही वाक्य नव्हतं. मी आठवून पाहिलं, चालता चालता, डहाळ्या छातीशी धरून. निदान ऑफिसरच्या परीक्षेचा फॉर्म भरल्यापासून तर नव्हतंच. त्याआधीचंही मला काही सापडेना.

दरवाज्याबाहेर उतारावर मेढ्यांचा ढीग पडला होता. मीही माझे फेकले. रंजू शेजारी होती. “आता मागं नको पाहू,” ती म्हणाली. “नाई तं परत येते.” थोडं चालल्यावर हळूच म्हणाली, “माय कोनाच्या बापाले उगीच नाव नाई ठेवत व. तुही माय ओट्यावर बसून रडते ना कधी कधी. तू कॉलेजात असते तवा.” मी म्हणाले, “तुला कोणी विचारलं?” ती म्हणाली, “कोनी नाई.”

दाराशी गिरजाबाई बादली घेऊन उभ्या होत्या. माझ्या पायांवर भसकन पाणी ओतलं आणि म्हणाल्या, “घास नीट. चिखल आनू नको माह्या ओट्यावर.” मी आत गेले. आई बँकेची साडी नेसत होती. देवघरासमोरचं पाणी तिने पुसून काढलं होतं, फुलदाणी घासून पालथी घातली होती. पिना तोंडात धरून ती म्हणाली, “मॅनेजर साहेब दहाला येतात. गेल्या गेल्याच बोलते.”

“आई,” मी विचारलं, “बाबा तुझ्याशी शेवटचं कधी बोलले?”

तिने निऱ्या खोचल्या. पिना तोंडातून काढल्या. “तूच सांग,” ती म्हणाली. “निरोप तर तूच आणायचीस.”

“आणि परत गेलो तर?”

“परत गेलो तर काय? तू असशीलच की निरोप द्यायला.” ती रागावली नव्हती. आरशात बघून टिकली सारखी करत होती. माझ्यासाठी ती त्या घड्याळाच्या टिकटिकीत परत जायला निघाली होती, आणि जाताना पदर नीट बसतोय ना ते बघत होती. पिशवीत डबा घातला, छत्री घेतली. मी दारात आडवी उभी राहिले.

“साहेबांना काही सांगू नकोस.”

“दिवाळीपर्यंतचा शब्द दिलाय मी तुला.”

“दिवाळी झाली समज,” मी म्हणाले. “मला इथलं काहीही आवडत नाही, हे लिहून ठेव. पण सांगू नकोस.”

आईने माझ्या केसांत अडकलेलं पळसाचं पान काढलं, खिडकीबाहेर टाकलं, आणि बँकेत गेली. आई याच शहरात रिटायर झाली, मॅनेजर होऊन. बाबा कधी आले नाहीत. त्यांचे निरोप पुढे काही वर्षं बूथवर येत राहिले, मी ते आईला देणं बंद केलं. त्यांना ते कळलं असेल. त्यांनी विचारलं नाही.

गिरजाबाईंनी त्या सकाळच्या ओरडण्याबद्दल पुढे कधी चकार शब्द काढला नाही, माफी तर सोडाच. मीही मागितली नाही. त्या मरेपर्यंत मला त्यांचा राग यायचा, आणि त्यांना माझा. पण त्या दिवशीचं एवढंच सांगायचं राहिलं. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे इकडे घरोघरी मटण. संध्याकाळी आई रंजूबरोबर ओट्यावर बसून सुपारी कातरत होती आणि तिचं ते गावंढळ हसू मला आत ऐकू येत होतं. मी उठले. आमच्या दाराची कडी काढली, मागच्या घराचं दार न वाजवता ढकललं, सरळ स्वयंपाकघरात गेले. गिरजाबाई पाटावर बसून भाकर थापत होत्या. मी चुलीवरच्या गंजाचं झाकण उचललं, वाफ तोंडावर घेतली आणि विचारलं, “काय केलं जी आज?”

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. “मटन,” त्या म्हणाल्या. “साखर नाई टाकली. झाकन ठेव.”